रिकामी केलेली शांतता आणि शेजाऱ्याचा हक्क

मुळशी तालुक्यातल्या घरांच्या जाहिराती एकाच साच्यातून निघतात. मागे हिरवा डोंगर, पुढे तळे, तळ्याकडे तोंड केलेली पडवी आणि तिथे चहा घेत बसलेले पिकल्या केसांचे जोडपे. मजकूरही ठरलेला : शहरापासून तासा-दीड तासावर निवांतपणा, शुद्ध हवा, निवृत्तीनंतरचे हक्काचे घर. या चित्रात त्या जोडप्याशिवाय दुसरा माणूस कधी नसतो. भातखाचरात वाकलेली बाई नसते, गुरे घेऊन निघालेला धनगर नसतो, मासे धरणारा कातकरी नसतो. डोंगर, तळे आणि वाट यांना जणू कोणी धनी नव्हताच. गिऱ्हाइकाची वाट बघत ते पडून होते.

मुळशीतली शांतता निसर्गाने दिलेली नाही. शंभर वर्षांत, टप्प्याटप्प्याने, माणसे उठवून ती तयार केली गेली आहे. आता ती विकत घेणाऱ्यांच्या रांगेत आपण मराठी मुसलमानही उभे आहोत. म्हणून हा लेख बिल्डरांसाठी कमी आणि आपल्यासाठी जास्त आहे.

आधी एक गोष्ट मान्य करू. चाळीस वर्षे नोकरी केलेल्या माणसाला म्हातारपणी मोकळी हवा हवीशी वाटली, तर त्यात गुन्हा नाही. जगभर अशी माणसे अशी गावे शोधत असतात. मेक्सिकोतल्या सान मिगेल दे आयेंदे या गावाचे उदाहरण घ्या. १५४२ मध्ये एका फ्रान्सिस्कन साधूने वसवलेले, स्पॅनिश वसाहतीच्या काळात चांदीच्या व्यापारमार्गावर भरभराटलेले हे गाव. पुढे मेक्सिकोच्या स्वातंत्र्यलढ्यातल्या इग्नासिओ आयेंदे या सेनानीचे नाव त्याला मिळाले. १९३७ मध्ये स्टर्लिंग डिकिन्सन नावाचा अमेरिकी कलावंत तिथे येऊन राहिला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैनिक सरकारी शिक्षणभत्त्यावर तिथल्या कलाशाळेत दाखल झाले, त्यांच्या पाठोपाठ पर्यटक आले आणि नंतर निवृत्त लोक. २००८ मध्ये युनेस्कोने गावाला जागतिक वारसा ठरवले. आज अमेरिका आणि कॅनडातले हजारो पेन्शनर तिथे राहतात.

त्यांना तिथे काय आवडते? दगडी फरशीच्या गल्ल्या, गुलाबी दगडाचे चर्च, झाडाखालचे बाक असलेला चौक, बाजार, सणांच्या मिरवणुका. म्हणजे तिथल्या लोकांनी साडेचारशे वर्षे राहून, खपून, सण साजरे करून जे गाव उभे केले, तेच. डॉलरमधली पेन्शन तिथे लांब पुरते, हा दुसरा आनंद. त्याच डॉलरमुळे गावातल्या घरांच्या किमती गावच्या पोरांच्या हाताबाहेर जातात, हा तिसरा भाग. तो प्रवासवर्णनांत कमी येतो. तरीही सान मिगेलमध्ये गाव अजून आहे. येणारा पेन्शनर निदान कोणाच्या तरी शेजारी राहायला जातो.

आपल्याकडचा याचा जुना नमुना म्हणजे पाचगणी. महाबळेश्वर १८२८-२९ च्या सुमारास मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याने उभे केले. तिथल्या बाजारपेठेला माल्कम पेठ म्हणत. पण पावसाळ्यात महाबळेश्वरला राहणे अशक्य. म्हणून १८६० च्या दशकात जॉन चेसन या इंग्रज अधिकाऱ्यावर थोडे खालचे, बाराही महिने राहता येईल असे ठिकाण विकसित करण्याचे काम आले आणि पाचगणी उभी राहिली, ती इंग्रजांचे निवृत्तीचे गाव म्हणूनच. चेसनने सिल्व्हर ओक लावले, आणि शिंपी, धोबी, खाटीक, भाजीवाले आणून त्यांना बाजाराखाली राहायला जागा दिल्या. हे त्याने गोऱ्यांच्या सोयीसाठी केले, त्याचे गोडवे गायचे कारण नाही. पण साहेबाला एवढे कळत होते, की गाव म्हटले की खाटीकही लागतो आणि त्या खाटकाला रात्री पाठ टेकायला जागाही लागते.

स्वतंत्र भारतातल्या आपल्या नव्या गिरिस्थानांनी ही एवढी समजही सोडून दिली. ती कशी, हे मुळशीत दिसते.

ज्या तळ्याकडे तोंड करून सगळ्या पडव्या बांधल्या जातात, तिथून सुरुवात करू. मुळशीचे तळे हे तळे नाही. तो टाटांच्या वीज कंपनीने बांधलेल्या धरणाचा फुगवटा आहे. मुळा आणि निळा नद्यांच्या संगमाजवळ हे धरण घातले. इथे अडवलेले पाणी पश्चिमेला सह्याद्रीखाली भिऱ्याच्या वीजघरात सोडायचे आणि वीज मुंबईला न्यायची, अशी योजना होती. त्यासाठी मावळ्यांची पन्नासेक गावे आणि आंबेमोहोराची खाचरे बुडणार होती. जमीन सरकारने कायद्याने संपादित करून कंपनीला द्यायची होती. शेतकऱ्यांनी नकार दिला. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट या लढ्यातूनच ‘सेनापती’ झाले. विनायकराव भुस्कुटे, मावळातल्या बाया-बापड्या, शेकडो शेतकरी तुरुंगात गेले. अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावर पुस्तक लिहिले, तेव्हा त्याच्या इंग्रजी शीर्षकातच या लढ्याला जगातले पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले. १९२४ पर्यंत सत्याग्रह मोडला आणि धरण झाले.

या हरण्यातला एक धडा आजही लागू आहे. जमीन कसणारा मावळा आणि जमिनीचा कागद बाळगणारा पुण्याचा सावकार यांची हाव आणि भीती वेगळी होती. सावकाराला भरपाई वाढवून मिळाली की पुरे होते. मावळ्याला जमीनच हवी होती. कागदवाल्याने सौदा केला आणि कसणाऱ्याचे गाव पाण्याखाली गेले. पाण्याच्या कडेला बंगला घेताना सेल्समन तुम्हाला सूर्यास्त दाखवतो, पण पाण्याखाली काय आहे ते सांगत नाही. पाणी खाली गेले की उन्हाळ्यात जुन्या मंदिरांचे आणि घरांचे दगड वर येतात. त्यांचेही आता फोटो काढायला लोक जातात. एका माणसाचे बुडालेले घर दुसऱ्याच्या सहलीचे ठिकाण होते.

दुसरा टप्पा लवासाचा. १९९६ मध्ये महाराष्ट्र सरकारने खासगी गिरिस्थानांसाठी खास नियम केले. २००१ मध्ये मुळशी आणि वेल्हे तालुक्यांतली १८ गावे गिरिस्थान म्हणून जाहीर झाली. मोसे नदीवरच्या वरसगाव धरणाच्या काठी हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनीने शहर उभारायला घेतले. नाव ठेवले लवासा. या शब्दाला मराठीत अर्थ नाही, आणि दुसऱ्या कोणत्या भाषेतही नाही. तो जाहिरातीसाठी घडवलेला आहे. पहिले उपनगर दासवे इथे, इटलीतल्या पोर्टोफिनो या मासेमारांच्या जुन्या बंदराच्या धर्तीवर झाले. तळ्याकाठी पिवळ्या, तांबड्या, केशरी रंगाच्या इमारतींची रांग आणि खाली फिरायला फरसबंदी वाट. पोर्टोफिनोतल्या घरांना ते रंग आहेत, कारण तिथे पिढ्यान्‌पिढ्या मासेमार राहिले. दासव्यात रंग आणले, मासेमार आणले नाहीत. जे कातकरी या खोऱ्यात खरोखर मासे धरत होते, त्यांच्यासाठी त्या रंगीत रांगेत एकही खोली नव्हती.

ही गंमत नाही, हा हिशेब आहे. सान मिगेलला जाणारा पेन्शनर दुसऱ्याचा इतिहास भाड्याने घेतो. लवासात इतिहासाचे फक्त रंगकाम विकत मिळत होते, आणि त्या रंगकामासाठी इथला खरा इतिहास पुसला जात होता. मोसे खोऱ्यातल्या लोकांची जमीन आधी वरसगाव धरणासाठी, म्हणजे सार्वजनिक कामासाठी गेली. मग त्या धरणाच्या काठची महामंडळाची जमीन भाडेपट्ट्याने कंपनीला मिळाली. भूमिहीनांना वाटलेल्या सिलिंगच्या जमिनी आणि आदिवासींच्या जमिनी कशा फिरल्या, याच्या तक्रारी मुगावसारख्या गावांतून वर्षानुवर्षे झाल्या. मेधा पाटकर आणि जनआंदोलनांच्या राष्ट्रीय समन्वयाने त्या देशासमोर मांडल्या. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडे परवानगीशिवाय जाऊ नये, हा महाराष्ट्राचा कायदा १९७४ पासूनचा आहे. कायदा असतो, पण तलाठ्याच्या दप्तरात फेरफार त्याच्यापेक्षा वेगाने होतो.

त्याहून गंभीर म्हणजे गावाचा कारभारच गेला. २००८ मध्ये लवासाला विशेष नियोजन प्राधिकरण नेमले गेले. कुठे काय बांधायचे हे ठरवण्याचा अधिकार अशा मंडळाकडे गेला, ज्यात कंपनीची माणसे बसत होती आणि ज्याला गावाने निवडून दिले नव्हते. हा अधिकार पुढे काढून घेतला गेला, पण तोवर डोंगर कापून झाले होते. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवले. वर्षभराने, २०११ मध्ये, अटींसह मंजुरी मिळाली, पण पैशाचे गणित सावरले नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये प्रकरण दिवाळखोरी न्यायाधिकरणात गेले. २०२३ मध्ये १,८१४ कोटींची पुनरुज्जीवन योजना मंजूर झाली. पैसे आले नाहीत म्हणून २०२४ मध्ये ती मंजुरीही रद्द झाली. जुलै २०२४ च्या पावसात दरड कोसळून बंगले गाडले गेले. तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला लोणावळ्यामागे सहाराची आंबी व्हॅली, तिची कथा आणखी भपकेबाज आणि शेवट तितकाच केविलवाणा : २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती लिलावात काढायला सांगितली.

यात घर घेणारेही भरडले गेले, हे विसरू नये. लवासात ज्येष्ठांसाठी वेगळी वसाहत बांधली गेली. प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे घालून लोक तिथे राहायला गेले आणि ज्या शहराच्या भरवशावर गेले ते शहर मध्येच थांबले. शेकडो लोकांनी पैसे भरले आणि घराच्या चावीऐवजी न्यायाधिकरणाचा दावा क्रमांक हातात आला. त्यांच्याबद्दल मला राग नाही, कणव आहे. पण त्यांच्या फसवणुकीचे मूळ याच गोष्टीत आहे. ज्या गावाला गावकरी नाहीत, ते गाव कंपनीच्या ताळेबंदावर उभे असते. ताळेबंद बुडाला की दवाखाना, दुकान, बस सगळे बुडते. सान मिगेलची एखादी कंपनी बुडाली तरी सकाळी तिथला पाववाला भट्टी पेटवतो, कारण तो तिथे राहतो. दासव्यात भट्टी पेटवणारा माणूस मुळात नोकरीवर ठेवलेला होता.

यावर दोन उत्तरे येतात. पहिले : गावकऱ्यांनी आपखुशीने जमिनी विकल्या, त्यांना पैसे मिळाले. आपखुशी म्हणजे काय ते बघू. वडिलोपार्जित दोन एकर, त्यात पाच भावांची नावे. पाऊस धो धो, पण फेब्रुवारीनंतर विहीर कोरडी. समोरच्या धरणातले पाणी उपसायला परवानगी नाही, कारण ते मुंबईच्या विजेचे आहे. पोराला पिरंगुटच्या कारखान्यात कंत्राटी काम, मुलीचे लग्न तोंडावर. अशात एजंट येतो, पाचांपैकी एका भावाला इसार देतो, बाकीच्या चौघांना कळायच्या आत साठेखत होते. याला आपखुशी म्हणायचे असेल तर म्हणा. ज्याला पाणी नाकारले त्याने शेत विकले, यात त्याची खुशी किती आणि पाणी नाकारणाऱ्याची किती?

दुसरे उत्तर रोजगाराचे. माळी, वॉचमन, भांडीवाली, इस्टेटवर ट्रॅक्टर चालवणारा. हा रोजगार खरा आहे, तो मी नाकारत नाही. पण काल ज्याचे नाव सातबाऱ्यावर होते तो आज त्याच जमिनीच्या फाटकावर वही घेऊन बसतो आणि येणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहितो, याला विकास म्हणताना जीभ अडखळली पाहिजे. शिवाय हे बंगले आठवड्याचे पाच दिवस बंद. बंद घराला दूध लागत नाही, भाजी लागत नाही, शाळा लागत नाही. लागते ते फक्त बोअरवेलचे पाणी, हिरवळ जिवंत ठेवायला.

आता आपल्याकडे येतो.

गेल्या काही वर्षांत पुण्यातल्या, पिंपरी-चिंचवडमधल्या, मुंबईतल्या मुस्लिम मध्यमवर्गात मुळशीच्या प्लॉटची चर्चा वाढली आहे. बँकेतून, पोस्टातून, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली माणसे, आखातात वीस वर्षे काढून परतलेली माणसे. कारण समजण्यासारखे आहे. शहरातल्या चांगल्या सोसायटीत नाव सांगितले की फ्लॅट ‘आत्ताच गेलेला’ असतो. हा अनुभव आपल्यातल्या बहुतेक घरांत आहे, त्याचे पुरावे मागणाऱ्यांनी एकदा आपले नाव बदलून ब्रोकरला फोन करून बघावा. मग कोंढव्यात कोंबून राहायचे, नाहीतर शहराबाहेर मोकळी जमीन बघायची. चार-सहा नातेवाईक मिळून एकर-दोन एकर घ्यायचे, गुंठ्यांत वाटायचे, कुंपण घालायचे, आत एक खोली नमाजसाठी ठेवायची. निदान म्हातारपणी कोणी नाव विचारणार नाही.

या दुःखाशी माझे भांडण नाही. माझे भांडण पुढच्या पावलाशी आहे. आपल्याला शेजार नाकारला गेला, म्हणून आपण शेजाराविषयी इतरांपेक्षा जास्त जागरूक असायला हवे होते. प्रत्यक्षात आपण तेच करतो जे बाकीचे करतात. तोच एजंट, तेच साठेखत, शेतकरी नसताना शेतजमीन घेण्यासाठी तेच उसने शेतकरी दाखले, तीच पाणंद अडवून घातलेली तार. जुम्म्याच्या खुतब्यात हक्कुल इबाद ऐकायचा, अल्लाहचा हक्क अल्लाह माफ करील पण माणसाचा हक्क त्या माणसानेच माफ करावा लागतो असे मुलांना शिकवायचे, आणि रविवारी टोकन द्यायला पौडला जायचे.

आपल्याच फिकहमध्ये या प्रश्नावर एक फार जुना विचार आहे. तो आपण विसरलो आहोत. त्याचे नाव शुफा. जमीन किंवा घर विकले जात असेल तर बाहेरच्या खरेदीदाराआधी काही लोकांचा त्यावर पहिला हक्क असतो. हनफी फिकह तीन पायऱ्या मानते. पहिला सहहिस्सेदार. दुसरा, ज्याचा वाटेत किंवा पाण्याच्या निचऱ्यात वाटा आहे तो. तिसरा, लागून असलेला शेजारी. शाफई फिकह फक्त सहहिस्सेदाराला हा हक्क देते, त्यामुळे आपले कोकणी भाऊ शेजाऱ्याच्या पायरीवर थांबतील. पण पाचांपैकी एका भावाला फोडून बाकी चौघांना अंधारात ठेवणारा सौदा दोन्ही मजहबांच्या तराजूत हलकाच पडतो. शुफा मागणाऱ्याने विक्रीची बातमी कळताक्षणी मागणी करायची, मग साक्षीदारांसमोर पुन्हा करायची, अशी रीत आहे. मुळशीत सौदा कळतो तोच मुळी कुंपणाचे खांब पडल्यावर. ज्याला बातमीच मिळू दिली नाही, त्याने हक्क कधी मागायचा?

हा विचार फक्त मुसलमानांपुरता राहिला नव्हता. सुरत, भरूच, अहमदाबादकडच्या हिंदूंमध्येही तो रूढी म्हणून रुजला होता आणि न्यायालयांनी तो मानला होता. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भाऊराम विरुद्ध बैजनाथ खटल्यात केवळ शेजारी असण्याच्या आधारावरचा हा हक्क घटनाविरोधी ठरवला. संपत्ती घेण्या-विकण्याच्या स्वातंत्र्यावर ते गैरवाजवी बंधन आहे, असे न्यायालयाचे म्हणणे. त्यामागे एक सामाजिक कारणही होते : नको असलेला माणूस शेजारी येऊ नये यासाठी हा हक्क वापरला जाऊ शकतो.

इथे एक वाचक मला अडवील, आणि त्याने अडवावेच. तो म्हणेल, ‘भाई, शेजाऱ्याला असा हक्क दिलात तर उद्या तोच आपल्याविरुद्ध वापरला जाईल. गुजरातमध्ये १९९१ च्या अशांत क्षेत्र कायद्याखाली हिंदूने मुसलमानाला घर विकायचे तर कलेक्टरची परवानगी लागते. तुम्ही त्याच दिशेने चाललात.’

नाही, आणि फरक पैशाचा आहे. शुफा मागणाऱ्या शेजाऱ्याला बाहेरच्याने देऊ केलेली पूर्ण किंमत स्वतःच्या खिशातून मोजावी लागते. तो ‘तू नको’ म्हणत नाही, ‘मी घेतो, त्याच भावात’ म्हणतो. विकणाऱ्याचा एक रुपया बुडत नाही. सोसायटी जेव्हा नाव ऐकून नकार देते, तेव्हा ती काहीच मोजत नाही, फुकटात हाकलते. पहिल्यात राहणाऱ्या माणसाचा आपल्या जागेशी असलेला संबंध जपला जातो. दुसऱ्यात येणाऱ्या माणसाच्या जन्माची शिक्षा त्याला दिली जाते. मी १९६२ चा निकाल बदला असे म्हणत नाही. कायद्याने तो हक्क परत आणला तर तो मावळ्याच्या नव्हे, पैसेवाल्या शेजाऱ्याच्याच कामी येईल, हेही मला दिसते. मी म्हणतो ते इतकेच, की शुफामागचा विचार आपल्या जमिरीला अजून बांधील आहे. जमीन विकली जाते तेव्हा तिच्या वाटेचे, पाण्याचे आणि हद्दीचे भागीदार अदृश्य होत नाहीत. न्यायालयाने कायद्याचे बंधन काढले, म्हणून ईमानाचे सुटले असे होत नाही.

मग करायचे काय? जमीन घेऊच नये का? मी तसे म्हणत नाही. घ्यायची तर रहिवासी म्हणून घ्या, प्रेक्षक म्हणून नको. टोकन देण्याआधी काही गोष्टी तपासा, आणि एजंटाच्या फोटोकॉपीवर थांबू नका.

सातबाऱ्यावरचे आजचे नाव बघून पुरत नाही. मागचे फेरफार काढा. त्यात सिलिंगची, इनामाची, कुळाची किंवा आदिवासीची जमीन दिसली तर हात मागे घ्या, ती कितीही ‘क्लिअर’ करून देतो म्हटले तरी. सगळ्या सहहिस्सेदारांना एकत्र बसवून विचारा, ज्याला वेगळे भेटवले जाते तो सौदा सोडा. लागून असलेल्या शेतकऱ्याच्या घरी स्वतः जा आणि विचारा, तुम्हाला घ्यायची आहे का. शुफाचा अर्थ शेवटी एवढाच आहे, आणि त्यासाठी कोणत्याही न्यायालयाची गरज नाही. गावची पाणंद, गुरांची वाट, स्मशानाची वाट, कातकरी वाडीची पाऊलवाट तुमच्या प्लॉटमधून जात असेल तर ती मोकळी ठेवा. तुमच्या कब्रस्तानाची वाट कोणी अडवली की काय होते, ते तुम्हाला सांगायला नको. बोअरवेल खणण्याआधी खालच्या वस्तीची विहीर मे महिन्यात बघून या. पाणी आणि चारा यांत सगळ्यांचा वाटा असल्याची शिकवण आपण जलशांत मोठ्या अभिमानाने सांगतो, ती हिरवळीच्या पाइपपाशी आठवली पाहिजे.

आणि राहायला जायचे तर खरोखर राहायला जा. मतदारयादीत नाव गावात नोंदवा. ग्रामसभेत बसा. ज्यांनी आयुष्यभर शिकवले त्यांनी गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवड्यातून दोन दिवस गणित शिकवावे. ज्यांनी बँकेत काढली त्यांनी बचत गटाच्या बायांना कर्जाचे कागद समजावून सांगावेत. ज्याचे दार बंद आणि कुंपण उंच, त्याला गाव पाहुणाही म्हणत नाही, मालकच म्हणते. आपण मालक होण्यासाठी इतक्या लांब जाणार असू, तर शहरातल्या त्या सोसायटीच्या सेक्रेटरीत आणि आपल्यात काय फरक राहिला?

काही मागण्या एकट्याने पुऱ्या होत नाहीत, त्या मिळून कराव्या लागतील. धरणकाठच्या गावांना त्यांच्या डोळ्यांसमोरच्या पाण्यातून पिण्याचा आणि शेतीचा न्याय्य वाटा मिळावा, ही शंभर वर्षांची थकबाकी आहे. कोणत्याही खासगी शहराला ग्रामपंचायतीच्या डोक्यावर बसवणारे प्राधिकरण पुन्हा दिले जाऊ नये. लवासाचे पुढे जे काही होईल त्यात बँका आणि घरखरेदीदार यांच्या बरोबरीने मूळ गावकऱ्यांचा आणि कातकऱ्यांचा दावा ऐकला जावा. दिवाळखोरीच्या कायद्यात ते ‘देणेकरी’च्या रकान्यात बसत नाहीत, म्हणून त्यांचे देणे संपले असे होत नाही. या मागण्या मावळे करत आलेच आहेत. त्यांच्या शेजारी उभे राहून आपण त्या केल्या, तर या तालुक्यात आपले नाव वेगळ्या कारणासाठी घेतले जाईल.

मराठी मुसलमान ‘बाहेरचा’ आहे, हे ऐकून आपले कान किटले आहेत. त्याला उत्तर म्हणून आपण इतिहासाचे दाखले देतो, संतकवींची नावे घेतो, भाषा दाखवतो. ते सगळे खरे आहे. पण मातीतला आहे हे सिद्ध करायला मातीवर नाव चढवणे हा मार्ग नाही. ती माती ज्याच्या पायाखालून सरकते आहे त्याच्या बाजूने बोलणे, हा आहे. मुळशीत प्लॉट घेणारा प्रत्येक जण, मुसलमान असो वा नसो, एका सरळ प्रश्नाच्या समोर उभा आहे : तुम्हाला इथे शेजारी हवेत की फक्त देखावा? देखावा हवा असेल तर त्याची किंमत जाहिरातीत छापलेली आहे. शेजारी हवे असतील, तर ती किंमत ठरवायला आधी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसावे लागेल.